फायनलच्या रात्रीपासून सुरुवात करू नका

प्रश्न: मी अंबड एमआयडीसीत काम करतो, शिफ्ट दर आठवड्याला बदलते. सिडकोत राहतो. घरात आई, पत्नी, अकरा वर्षांचा मुलगा आणि सहा वर्षांची मुलगी. संध्याकाळी सगळे घरात असतात, पण आईची मालिका, मुलाची आयपीएल, मुलीचं कार्टून आणि पत्नीचा मोबाइल. बोलणं असं होतच नाही. यंदा फायनलच्या रात्री सोसायटीच्या गच्चीवर मोठा पडदा लावणार आहेत, वर्गणीही काढली आहे. मी सांगितलं की त्या रात्री आपण कोणी वर जायचं नाही, टीव्ही बंद ठेवून सगळ्यांनी शांतपणे एकत्र जेवायचं. त्यावरून घरात मोठं भांडण झालं. पत्नी म्हणते मुलं एकटी पडतील, लोक नावं ठेवतील. मुलगा दोन दिवस माझ्याशी बोललेला नाही. माझं चुकतंय का?

उत्तर:

तुम्हाला जे हवं आहे त्यात काही चूक नाही. रात्र मात्र चुकीची निवडलीत. फायनल तोंडावर आली आहे आणि मुलाने अबोला धरला आहे, म्हणून हे आधीच सांगते. त्याला गच्चीवर जाऊ द्या. आज जेवताना, सगळ्यांच्या समोर म्हणा, 'मी तुला न विचारता ठरवलं, ते बरोबर नव्हतं.' एवढंच. पुढे 'पण' लावू नका. मी सव्वीस वर्षं नाशिकमध्ये कुटुंबांचं आणि मुलांचं समुपदेशन करते आहे. ज्या घरात वडील असं एकदा म्हणू शकले, तिथली मुलं पुढे सोळाव्या-सतराव्या वर्षी काही बिनसलं तर आधी घरी येऊन सांगतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

त्याच्या बाजूने बघा. मार्चअखेरीपासून तो रोज ही स्पर्धा बघतोय. कोणाच्या किती धावा, कोण जखमी, कोणता संघ का बाहेर पडला, हे सगळं त्याच्या डोक्यात आहे. त्याचे सोसायटीतले सगळे मित्र त्या रात्री वर असणार. तुम्ही त्याच्याकडून वर्षातला सगळ्यात मोठा दिवस मागितलात आणि बदल्यात एक शांत जेवण देऊ केलंत. तसं जेवण तुमच्या घरात कित्येक महिन्यांत झालेलं नाही. ज्याची चव त्याच्या जिभेला माहीत नाही त्यासाठी तो फायनल कशी सोडेल?

ही चूक मी स्वतः केलेली आहे. २०१० सालची गोष्ट. माझा मुलगा तेव्हा पाचवीत होता. घरात सतत चालणाऱ्या टीव्हीला कंटाळून मी एका संध्याकाळी केबलची वायर काढून कपाटात ठेवली आणि जाहीर केलं की आजपासून आपण गप्पा मारायच्या. तासाभराने तो दिसेना. शोधायला गेले तर समोरच्या इमारतीच्या जिन्यात उभा राहून कोणाच्या तरी उघड्या दारातून मॅच बघत होता. पायात चप्पल नव्हती. त्याला घरी आणताना माझ्या लक्षात आलं की मी त्याला माझ्याजवळ ओढायला निघाले होते आणि प्रत्यक्षात परक्याच्या दारात उभं केलं होतं. वायर दुसऱ्या दिवशी परत लावली. मग पुढच्या वर्षी २ एप्रिलला वर्ल्ड कपची फायनल आली, भारत आणि श्रीलंका. माझे सासरे क्रिकेट कधी बघत नसत. त्या रात्री ते मुलाच्या शेजारी बसले आणि दर ओव्हरला विचारत राहिले, 'आता काय झालं?' आणि तो न कंटाळता समजावत राहिला. जिंकल्यावर दोघं खाली चौकात गेले, हात धरून. आज सासरे नाहीत. मुलाला त्यांची सगळ्यात जवळची आठवण विचारली तर तो ती रात्र सांगतो. टीव्ही चालू होता, फटाके वाजत होते, आणि तरी ती रात्र आमच्या घराची होती.

म्हणून पडद्याला सरसकट नावं ठेवणं मी सोडून दिलं. ज्या जिल्ह्यात, त्र्यंबकेश्वरला, १८७० साली दादासाहेब फाळके जन्मले, तिथल्या माणसाने सिनेमाला वाईट म्हणू नये. पंचवटीत आणि जुन्या नाशकात रंगपंचमीला पेशव्यांच्या काळातल्या रहाडी, म्हणजे रंगाच्या पाण्याचे जमिनीतले मोठे हौद, उघडतात, त्या दिवशी तर मुलांना घेऊन जाच असं मी सांगते. गणपतीच्या आधी संध्याकाळी ढोलपथकांचा सराव चालतो, तोही मला गोंगाट वाटत नाही. कारण तिथे मूल स्वतः काहीतरी करतं, भिजतं, वाजवतं, घामाघूम होऊन घरी येतं आणि मग दोन तास त्याबद्दल बोलतं. मी एवढंच बघते की कार्यक्रम संपल्यावर माणसांना एकमेकांना सांगायला काही उरलं का.

वर्षातून एकदाची मोठी रात्र घराचं काही बिघडवत नाही. बिघडतं ते रोजच्या मंगळवारी-बुधवारी. आयपीएलचा संध्याकाळचा सामना साडेसातला सुरू होतो आणि अकरा-साडेअकरापर्यंत चालतो. म्हणजे नेमकी आपल्याकडची जेवणाची वेळ, आवराआवरीची वेळ आणि झोपेची वेळ. घरातल्या पाच माणसांना दिवसभरात एकत्र मिळणारा हाच काय तो पट्टा, आणि तो दोन महिने रोज गेला. एप्रिलमध्ये तर शाळाही चालू असते. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रोज ९ ते १२ तास झोप हवी, असं अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१६ मध्ये सांगितलं आहे. साडेअकराला मॅच संपवून सकाळच्या शाळेसाठी सहाला उठणाऱ्या मुलाला साडेसहा तास मिळतात. मग तो चिडचिडा झाला की आपण म्हणतो, हल्ली ऐकतच नाही.

दुसरं, नुसता चालू असलेला टीव्ही. कोणी बघत नाही पण चालू आहे, हे चित्र मला सिडको, सातपूर, नाशिकरोड, कॉलेज रोड, सगळीकडे दिसतं. अमेरिकेत दिमित्री ख्रिस्ताकिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चार वर्षांपर्यंतच्या मुलांच्या अंगावर छोटी ध्वनिमुद्रण यंत्रं लावून घरातलं बोलणं मोजलं होतं. ऐकू येईल असा टीव्ही असलेल्या प्रत्येक तासामागे मोठ्या माणसांचे साधारण ७७० शब्द मुलांच्या कानावर कमी पडत होते. तुमची मुलगी त्या वयाच्या पुढे आहे, पण जे घडतं ते सहाव्या वर्षीही तसंच घडतं. मोठी माणसं गप्प होतात. मूल काही विचारायला येतं, आपण 'हं' म्हणतो, आणि चार वेळा 'हं' ऐकलं की ते विचारायचं थांबतं.

आता तुम्ही काय करायचं ते सांगते.

फायनल झाली की दुसऱ्या दिवशी साडेसातला काहीच नसतं. दोन महिने भरलेली जागा आपोआप रिकामी होते, कोणालाही काही बंद करावं लागत नाही. पुढे जूनच्या मध्याला शाळा उघडतात. या दोन तारखांच्या मधे साधारण दोन आठवडे मिळतात. तुमची सुरुवात तिथे करा. साडेसात ते सव्वाआठ, पंचेचाळीस मिनिटं, त्याहून जास्त नको. टीव्ही बंद, सगळ्यांचे मोबाइल हॉलमधल्या कपाटावर, आवाज चालू ठेवून, म्हणजे फोन आला तर ऐकू येईल. कंपनीतून फोन येऊ शकतो हे मला माहीत आहे. फोन आला तर उभं राहून घ्या आणि परत ठेवा. व्हॉट्सॲपच्या ग्रुपसाठी उठायचं नाही.

पहिले तीन-चार दिवस बरे जातात, नवलाई असते. पाचव्या दिवसापासून कंटाळा येतो. इथे बहुतेक घरं मोडतात, आणि मोडतात ती मोठ्यांमुळे. माझ्याकडे येणारे आईवडील सांगतात की मुलं राहिली नाहीत. खोलात गेलं की कळतं, मुलगा गादीवर पालथा पडून भिंतीवर बोट फिरवत होता, मुलगी रडकुंडीला आली होती, आणि ते वडिलांना बघवलं नाही. त्यांनाच चैन पडेना. त्यांनीच म्हटलं, 'जाऊ दे, लाव थोडा वेळ.' मुलाचा कंटाळा आणखी दहा मिनिटं टिकला असता तर तो उठून काहीतरी करायला लागला असता. ते 'काहीतरी' कधी भांडण असतं, कधी उशांचा किल्ला, कधी आजीला विचारलेला विचित्र प्रश्न. त्या दहा मिनिटांत तुम्ही काय करायचं? बसायचं. उपदेश नको, 'बघ आमच्या लहानपणी' नको, करमणूकही करायची नाही. फक्त तिथे असायचं.

डोनाल्ड विनिकॉट नावाचे ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक होते. त्यांनी १९५८ साली मांडलेला एक विचार मी जवळजवळ प्रत्येक पालकाला सांगते. माणसाला एकटं शांत राहता येणं ही शिकलेली गोष्ट आहे, आणि ती लहानपणी कोणाच्या तरी सोबतीत शिकली जाते. आई शेजारी आहे, काही मागत नाही, काही सांगत नाही, आणि मूल आपल्या तंद्रीत खेळतंय. असे पुष्कळ तास ज्याच्या गाठीला असतात त्याला पुढे रिकाम्या खोलीची भीती वाटत नाही. शांत वेळ म्हणजे सतत गप्पा मारायचा वेळ असं समजून लोक स्वतःवर फार ओझं घेतात. पंचेचाळीस मिनिटांत चार वाक्यं बोलली गेली तरी पुरे.

हाताला काम असलं की हे सगळं सोपं होतं. समोरासमोर बसून 'आज काय झालं सांग' म्हटलं की मुलं मिटतात. शेजारी बसून लसूण सोलताना तीच मुलं आपणहून सांगू लागतात, कारण डोळ्यांत बघावं लागत नाही. आणि इथे तुमच्या आईंचा मोठा उपयोग आहे. कुरडया-पापडांचा हंगाम तोवर सरलेला असेल, पण जूनमध्ये लोणच्याच्या कैऱ्या असतात. आईंना सांगा, यंदाचं लोणचं संध्याकाळी सगळ्यांनी मिळून घालायचं. पहिल्या दिवशी कैऱ्या धुवायच्या आणि पुसायच्या. पुसण्याचं काम मुलीला द्या, आणि पाण्याचा एक थेंब राहिला तर लोणच्याला बुरशी येते हे तिला आजीने सांगायचं. सहा वर्षांच्या मुलीला असं जबाबदारीचं काम आवडतं, ती प्रत्येक कैरी उजेडात धरून बघेल. दुसऱ्या दिवशी फोडी. बाजारात कैऱ्या फोडून देतात, पण दोन-चार घरी मुलासमोर फोडा, कोय कशी कापली जाते ते त्याला बघू द्या. फोडींना मीठ-हळद लावून ठेवायची. तिसऱ्या दिवशी मोहरीची डाळ, मेथी, हिंग, तिखट, आणि तेल तापवून पूर्ण गार होईपर्यंत थांबणं. हे थांबणंच मला फार मोलाचं वाटतं. तेल गार होईतो काही करता येत नाही, आणि त्या अर्ध्या तासात आजी हमखास तिच्या माहेरची एखादी गोष्ट काढते. मग बरणी भरायची, आणि पुढे रोज एकाने कोरड्या चमच्याने हलवायचं. कोणाची पाळी ते मुलांनी ठरवायचं. चार-पाच संध्याकाळी अशा जातात आणि वर्षभर ताटात त्या संध्याकाळींची आठवण वाढली जाते.

आईंच्या मालिकेबद्दलही बोलायला हवं. त्यांचा टीव्ही तुम्ही एका वाक्यात बंद करू नका. दिवसभर तुम्ही कामावर, मुलं शाळेत, आणि त्यांच्या बरोबरीच्या मैत्रिणी गावाकडे राहिल्या. मालिकेतली माणसं ही त्यांची रोज भेटणारी माणसं आहेत. त्यांना विचारा, खरी आवडती कोणती? मी जेव्हा आजीलोकांना विचारते तेव्हा उत्तर एक किंवा दोन येतं. बाकीच्या लागलेल्या असतात म्हणून बघितल्या जातात. ती एक मालिका पूर्ण बघू द्या, जमलं तर अर्धा तास तुम्हीही शेजारी बसून बघा आणि कोण कोणाची सून ते विचारा. त्यांच्या मालिकेची वेळ साडेसातची असेल तर तुमची पंचेचाळीस मिनिटं पुढे सरकवा. घड्याळ माणसांपेक्षा लवकर ऐकतं.

आता तुमच्या पत्नीविषयी. तुमच्या प्रश्नात त्या फक्त 'मोबाइल' आणि 'भांडण' एवढ्याच आल्या आहेत, म्हणून इथे मी थोडं स्पष्ट बोलते. 'सगळ्यांनी शांतपणे एकत्र जेवायचं' हे तुम्ही ठरवलंत. ते जेवण कोण करणार होतं? गरम पोळ्या तव्यावरून ताटात कोण आणणार होतं? बाकीचे चौघे शांतपणे जेवत असताना पाचवी व्यक्ती ओट्यापाशी उभी असेल तर तो चौघांचाच वेळ झाला. माझ्याकडे आलेल्या कितीतरी बायकांनी हेच सांगितलं आहे की नवऱ्याला कुटुंबासोबत वेळ घालवायची हुक्की आली की माझं काम वाढतं. संध्याकाळी त्या मोबाइल घेऊन बसतात ती त्यांची दिवसातली कदाचित एकमेव वेळ असेल जेव्हा त्यांच्याकडे कोणी काही मागत नाही. ती काढून घ्यायची असेल तर आधी दुसरी द्या. त्या दोन आठवड्यांत स्वयंपाक सातच्या आत आटपेल असं बघा, भाजी तुम्ही चिरा, पोळ्या आधी करून डब्यात ठेवा, खिचडी आणि पापडावर भागवा. जेवणानंतरची भांडी तुम्ही आणि मुलगा उचला. आणि सव्वाआठनंतर त्या मोबाइल घेऊन आतल्या खोलीत गेल्या तर 'परत सुरू झालं का' असं एकदाही म्हणू नका.

मोबाइलबद्दल एक गोष्ट मात्र त्यांच्याशी प्रेमाने बोला, स्वतःलाही लागू करा. मॅचला शेवट असतो. वीस-वीस ओव्हर झाल्या की लोक उठतात. रीलला शेवट नाही. एक संपली की दुसरी आपोआप येते, आणि पुढची चांगली निघेल या आशेवर बोट वर सरकत राहतं. कधी चांगली निघते, कधी नाही, आणि हे 'कधी'च माणसाला धरून ठेवतं. म्हणून मला क्रिकेटची काळजी कमी वाटते. रीलसाठी शेवट आपल्यालाच ठरवावा लागतो. मोबाइलला अलार्म लावून काही होत नाही, तो बोटाने बंद करता येतो. माणूस लागतो. 'साडेनऊला मला हाक मार' असं त्यांनीच तुम्हाला सांगितलं तर उपयोग होतो, तुम्ही आपणहून हाक मारली तर तो पहारा होतो.

तुमची शिफ्ट. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात तुम्ही संध्याकाळी घरात नसणार आणि तेव्हा हा सगळा भार पत्नीवर टाकून तुम्ही कंपनीतून फोन करून 'टीव्ही बंद आहे ना' असं विचारणार असाल, तर सुरूच करू नका. त्या आठवड्यात नियम सैल ठेवा. तुमची वेळ सकाळची. रात्री उशिरा आलात तरी सुट्टीच्या दिवसांत नऊच्या सुमारास उठून मुलासोबत चहा-दूध घ्या आणि पेपरचं खेळाचं पान उघडा. धावफलक वाचायला त्याला सांगा. कोणी किती चेंडूंत किती धावा केल्या, शेवटच्या पाच ओव्हरमध्ये काय रनरेट लागत होता, हे तोंडी हिशेब त्याच्याकडून करून घ्या. त्याला हे तुमच्यापेक्षा जास्त येतं, आणि बापाला काहीतरी शिकवण्यात मुलाला केवढा आनंद असतो ते तुम्हाला दिसेल. पत्नीची 'मुलं एकटी पडतील' ही भीतीही यातून कमी होईल. मित्रांमध्ये बोलायला स्कोअर माहीत असावा लागतो, रोजचे चार तास लागत नाहीत. त्यांची भीती खोटी नाही हे मात्र मान्य करा. अकराव्या वर्षी मित्रांच्या घोळक्याबाहेर पडणं मुलाला फार लागतं.

रविवारची सकाळ मिळाली तर शहराबाहेर पडा, मॉलपेक्षा स्वस्तात होतं. पांडवलेणी तुम्हाला अंबडहून अगदी जवळ आहे. ऊन चढायच्या आत, साडेसहाला पायथ्याशी पोचा. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात ब्राह्मी लिपीत एक मोठा लेख आहे, गौतमी बलश्रीचा. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याची ती आई, आणि लेख कोरला तेव्हा राज्यावर तिचा नातू पुळुमावी होता. म्हणजे एका आजीने, नातवाच्या राज्यात, आपल्या मुलाबद्दल दगडावर लिहून ठेवलं आहे की तो किती शूर होता आणि आईची सेवा कशी करत असे. हे तुमच्या मुलाला तिथे उभं राहून सांगा. आजींना पायऱ्या झेपत नसतील तर घरी येऊन त्यांना त्यानेच सांगावं.

थंडीत नांदूर मध्यमेश्वरला जा, निफाड तालुक्यात. जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलेलं महाराष्ट्रातलं ते पहिलं ठिकाण, २०२० साली ते जाहीर झालं. डिसेंबर-जानेवारीत पहाटे गेलात तर पाण्यावर धुकं असतं आणि बदकांचे थवेच्या थवे उतरलेले असतात. मुलांना घेऊन जाण्यासारखी याहून चांगली जागा मला आपल्या जिल्ह्यात माहीत नाही. तिथे 'गप्प बसा' असं आईवडिलांना सांगावं लागत नाही. आपण बोललो की पक्षी उडतात, हे मूल पहिल्या पाच मिनिटांत स्वतः शिकतं, आणि मग तेच आपल्याला दटावतं. घरातल्या शांततेचा अर्थ मुलाला समजावून सांगता येत नाही, तिथे तो कळतो. दुर्बीण एकच न्या. पाच जणांत एक दुर्बीण फिरली की 'ते बघ, डावीकडे, त्या वाळलेल्या फांदीवर' असं एकमेकांना सांगावं लागतं.

एक सावधगिरीची गोष्ट. काही घरांत टीव्ही चालू असतो कारण तो बंद झाला तर जे बोलणं व्हायला हवं ते कोणालाच नको असतं. पैशांची ओढाताण, सासू-सुनेचं जुनं दुखणं, नवरा-बायकोत साचलेलं काही. आवाज बंद केला की तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते वर येतं. एका जोडप्याचं मी पाहिलं आहे, मालिका बंद केल्यावर आठवड्यात रोज कडाक्याची भांडणं सुरू झाली आणि मुलं स्वतःच येऊन म्हणाली, टीव्ही लावा ना. तुमच्या घरात तसं झालं तर घाबरू नका, पण मुलांसमोर ते उकलू नका. तुम्ही दोघं रात्री फेरी मारायला बाहेर पडा, चालताना बोला. आणि चालूनही सुटत नसेल तर कोणाची तरी मदत घ्या. तसंच मुलगा फायनलनंतरही गप्पच राहिला, मित्रांमध्येही जाईना, जेवण-झोप बिघडली, तर तो रुसवा समजून सोडून देऊ नका. लगेच एखाद्या समुपदेशकाला किंवा डॉक्टरांना दाखवा.

आता फायनलच्या रात्रीचं. सात वाजता सगळे जेवायला बसा, साधी खिचडी, टीव्ही बंद. वीस मिनिटांचं जेवण. टॉस कोण जिंकेल, कोणता संघ का जिंकेल, हे मुलाला विचारा आणि शेवटपर्यंत ऐका. साडेसातला त्याला वर जाऊ द्या. मुलीला झोप येईल तेव्हा तुम्ही तिला घेऊन खाली या, पत्नीला मैत्रिणींसोबत वर बसू द्या. मुलगी झोपली की आईंना तिच्याजवळ बसवून शेवटच्या पाच ओव्हरसाठी परत वर जा. खुर्ची नको, मुलाच्या शेजारी सतरंजीवर बसा. त्याचा अबोला तोवर सुटलेला नसला तरी बसा. आणि काही कळलं नाही तर विचारा, 'आता काय झालं?'